भिंतीतील पिंपळ दरवर्षी पुन्हा का उगवतो, आणि तो कायमचा कसा काढावा

इमारतीच्या भिंतीतून, छज्ज्याच्या कोपऱ्यातून किंवा गच्चीच्या कठड्याखालून पिंपळाचे रोप डोके वर काढते, कोणीतरी ते कोयत्याने छाटते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी एकाऐवजी तीन-चार फांद्या उभ्या राहतात. जुन्या इमारतींत राहणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आहे. आमच्या चार मजली इमारतीच्या मागच्या भिंतीवर, पावसाच्या पाण्याचा पाइप जिथे वळतो त्या ठिकाणी, आम्ही सलग सहा वर्षे एकच पिंपळ कापत होतो. दर वर्षी कापणारा माणूस वेगळा असे, परांचीचा खर्च वाढत असे, आणि दर वेळी काम नीट झाले असे समजून आम्ही निश्चिंत होत असू. सातव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरील एका घरात न्हाणीघराच्या भिंतीला आतून तिरकी भेग पडली आणि मगच आम्ही गिलावा फोडून पाहिले.

आत जे दिसले ते मी विसरू शकत नाही. बाहेर खोड होते अंगठ्याएवढे. आत दोन विटांच्या थरांमधल्या दरजेत शिरलेले मूळ मनगटाहून रुंद झाले होते, पण जागेअभावी ते गोल राहिले नव्हते. लाकडी फूटपट्टीसारखे चपटे होऊन ते दोन मीटर खाली, थेट न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या पाइपापर्यंत उतरले होते. पाइपाच्या सांध्याभोवती केसांसारख्या बारीक मुळांचे जाळे होते आणि त्या जाळ्यावर हात ठेवला तेव्हा ते ओले लागले. तो एप्रिल महिना होता आणि पाऊस जाऊन सहा महिने उलटले होते. सहा वर्षे आम्ही ज्याला झाड समजून कापत होतो तो त्या झाडाचा लहानसा भाग होता, आणि खरे झाड भिंतीच्या आत, गळक्या पाइपाच्या पाण्यावर, निवांत वाढत होते.

हा प्रश्न कायमचा सोडवायचा असेल तर पिंपळ कसा वाढतो हे आधी नीट समजून घ्यावे लागते, कारण आपण करतो त्या बहुतेक चुका झाडाचे शरीरशास्त्र ठाऊक नसल्यामुळे होतात.

बी तिथे पोहोचते कसे

पिंपळ, वड आणि उंबर ही तिन्ही झाडे फायकस या एकाच प्रजातीतील आहेत. त्यांचे आपण ज्याला फळ म्हणतो ते खरे तर आत वळलेला फुलोरा असतो. शेकडो सूक्ष्म फुले आतल्या पोकळीत दडलेली असतात, आणि म्हणूनच क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या माश्या फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरून परागीकरण करतात, तेव्हा कुठे आत मोहरीहूनही बारीक बिया तयार होतात. फळे पिकली की साळुंक्या, बुलबुल, कोकीळ, तांबट, कावळे आणि रात्री वटवाघळे ती खातात. गर पचतो, बी शाबूत राहते, आणि पक्षी ज्या पाइपावर, कठड्यावर किंवा छज्ज्यावर विसावतो तिथे ते विष्ठेसह पडते.

त्यामुळे जवळपास पिंपळ नाही, मग हा आला कुठून, या प्रश्नात फारसा अर्थ नाही. पक्ष्याला दोन-चार गल्ल्यांचे अंतर काहीच वाटत नाही. शहरातील पिंपळ कमी करणे हा तर उपाय नव्हेच, आणि तो कोणी सुचवला तर मी त्याला ठाम विरोध करीन, कारण इतर झाडांना फळे नसतात अशा काळातही वड-पिंपळ-उंबरांपैकी कोणते ना कोणते झाड फळांवर असते आणि अनेक पक्ष्यांचा निर्वाह त्यावर चालतो. बी येतच राहणार हे गृहीत धरावे. ते रुजणार की नाही एवढेच आपल्या हातात आहे.

इतक्या लहान बीमध्ये साठवलेले अन्न नगण्य असते. हरभऱ्याचे बी मातीखाली खोल पेरले तरी आतल्या शिदोरीवर वर येते, पण पिंपळाच्या बीला ते शक्य नाही. त्याला पृष्ठभागावरच, उजेडात, आणि काही दिवस सलग ओल टिकेल अशा जागीच रुजावे लागते. सलग ओल ही अट महत्त्वाची आहे. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर शेकडो बिया पडत असतील, पण पाऊस उघडल्यावर तासाभरात वाळणाऱ्या गुळगुळीत भिंतीवर त्यांतील एकही जगत नाही. जी जगते ती भेगेत साचलेल्या धुळीत, शेवाळाच्या गादीत किंवा पाइपाच्या मागच्या सावलीत पडलेली असते. म्हणून पिंपळ जिथे उगवला तिथे पाणी मुरते आहे, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

भिंतीत ते तगते कसे

पिंपळाच्या दृष्टीने भिंत ही परकी जागा नाही. जंगलात वड-पिंपळ बहुधा जमिनीवर सुरू होतच नाहीत. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, ताडाच्या खोडावरील जुन्या देठांच्या खोबणीत किंवा कड्याच्या कपारीत बी रुजते, रोप काही वर्षे तिथेच राहते आणि मुळे खाली सोडत सोडत एक दिवस जमिनीला टेकते. माती जवळपास नसणे, पाणी कधी मिळणे तर कधी महिनोन्‌महिने न मिळणे, उन्हाने तापलेला दगड, या सगळ्या परिस्थितीला हा वंश लाखो वर्षांपासून सरावलेला आहे. सह्याद्रीच्या कातळकड्यावरील पिंपळ आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावरील पिंपळ एकच जीवन जगत असतात.

या जीवनाची पहिली रीत अशी की, रोप आधी मुळात गुंतवणूक करते आणि पानांची घाई करत नाही. गेल्या आश्विनात मी कठड्याच्या भेगेतून चार पानांचे एक रोप पाणी घालून, हलक्या हाताने, अखंड बाहेर काढले. वरचा भाग माझ्या करंगळीएवढा होता आणि मूळ मोजले तर 38 सेंटिमीटर भरले. भेगेच्या तोंडाशी ते मूळ गाजरासारखे फुगीर झाले होते. हा फुगवटा पाणी आणि पिष्टमय पदार्थ साठवण्यासाठी असतो. बोन्साय करणारे लोक याच फुगीर बुंध्यासाठी भिंतीतली रोपे आवर्जून शोधतात. भिंत सुकली, पाने गळाली, रोप मेले असे वाटले, तरी या कोठाराच्या आधारावर ते पुढच्या पावसाची वाट पाहू शकते.

दुसरी गोष्ट मुळाच्या टोकाची. टोकावर मूलटोपी नावाचे एक संरक्षक आवरण असते. तिच्यातील काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात आणि ते नेहमी खालच्या बाजूला बसतात, त्यावरून मुळाला खाली कुठे हे कळते. याशिवाय मूळ ओलाव्याच्या दिशेने वळते, आणि ज्या बाजूला ओल स्पर्श करते त्या बाजूला उपमुळे फुटतात. विटांच्या दरजेतून जाणाऱ्या मुळाला योजना किंवा नकाशा लागत नाही. प्रत्येक सेंटिमीटरवर खाली आणि ओलीकडे एवढे दोनच निर्णय पुरतात, आणि ते त्याला अचूक गळक्या सांध्यापाशी नेऊन सोडतात.

मूळ भिंत फोडून आत शिरते हा समज मात्र बरोबर नाही. वाढते टोक नाजूक असते आणि ते आधीपासून असलेल्या भेगेतूनच पुढे सरकते. नुकसान नंतर होते, मूळ जाड होऊ लागल्यावर. मुळाच्या सालीखाली एधा नावाचा सतत विभाजन पावणाऱ्या पेशींचा थर असतो, तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करत जातो, आणि पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगल्या की चारी बाजूंना दाब पडतो. मुळाचे टोक पुढे रेटताना दर चौरस सेंटिमीटरला साधारण 5 ते 10 किलो दाब देऊ शकते, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या दुप्पट ते चौपट. बाजूला पडणारा दाब याहून बराच कमी, समजा 2 किलो धरला, तरी 5 सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब चपट्या मुळाचा विटांवरील एकूण रेटा 1 टन होतो. हिशेब ढोबळ आहे, पण न्हाणीघराची भिंत का तडकली हे समजायला तो पुरेसा आहे.

चुन्याच्या जुन्या बांधकामात आणखी एक क्रिया चालते. मुळे श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, शिवाय सौम्य आम्लेही पाझरवतात. ओलाव्यात त्यांनी चुना हळूहळू विरघळतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस झाक्स यांनी 1860 च्या सुमारास गुळगुळीत संगमरवरी फरशीवर मुळे वाढवून दाखवले होते की मुळे जिथून गेली तिथे दगडावर त्यांचा खोदल्यासारखा ठसा उमटतो. आपल्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या दरजांत हाच प्रयोग शतकानुशतके चालू आहे.

छाटल्यावर ते अधिक जोमाने का फुटते

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शेंड्यावरील वाढीचे टोक ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि ते खोडातून खाली वाहते. जोपर्यंत हा प्रवाह चालू असतो तोपर्यंत खालचे, पानांच्या बगलेतील डोळे म्हणजे कोंब सुप्त राहतात. शेंडा कापला की प्रवाह थांबतो, मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो, शेंड्याकडे जाणारी साखर डोळ्यांना मिळते, आणि एकाच्या जागी तीन-चार फुटवे येतात. गुलाबाची छाटणी आपण याच कारणासाठी करतो. भिंतीतल्या पिंपळाला कोयता लावताना आपण नकळत त्याची छाटणीच करत असतो.

डोळे शिल्लक न ठेवता अगदी भिंतीलगत कापले तरी फरक पडत नाही. कापलेल्या कडेवर जखम भरून काढणाऱ्या पेशींचा जो उंचवटा तयार होतो त्यातून पिंपळ नवे डोळे निर्माण करू शकतो, आणि उघड्या पडलेल्या मुळांतूनही फुटू शकतो. श्रीलंकेतील अनुराधपूरचा बोधिवृक्ष परंपरेनुसार इसवी सनपूर्व 288 मध्ये बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून लावला गेला. एका फांदीतून दोन हजारांहून अधिक वर्षांचा वृक्ष उभा राहतो, ते याच पुनर्निर्माणाच्या शक्तीमुळे.

या फुटव्यांना लागणारे अन्न मुळांतील साठ्यातून येते. इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. नवे पान जन्मल्याबरोबर कमावते होत नाही. पूर्ण आकाराच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वाढेपर्यंत ते साखर घेतच राहते, आणि त्यानंतरच ती बाहेर पाठवू लागते. पिंपळाच्या बाबतीत ही अवस्था नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. कोवळी पालवी तांबूस, तुकतुकीत आणि लोंबती असते. हरितद्रव्य पुरेसे तयार होण्याआधी उन्हापासून कोवळ्या पेशींचे रक्षण करणारे लाल रंगद्रव्य तिच्यात असते. पान तांबूस आहे तोवर ते मुळाचे देणेकरी आहे. ते गडद हिरवे, ताठ आणि चिवट झाले की त्याने कर्ज फेडायला आणि पुढे कोठार भरायला सुरुवात केलेली असते.

आपण वर्षातून एकदा कापतो ते केव्हा? बहुधा दिवाळीच्या आधी, म्हणजे चार महिने पानांनी भरपूर कमाई करून ती मुळात नेऊन ठेवल्यानंतर. मुळाची दर वर्षीची वाढ अबाधित राहते आणि वरच्या फांद्यांचा तोटा त्याला सहज परवडतो. बाहेरचे खोड सहा वर्षे अंगठ्याएवढेच राहिले आणि आतले मूळ मनगटाहून मोठे झाले, याचे कारण हे आहे.

आधी तपासणी, मग उपाय

रोप काढण्यापूर्वी पाणी कुठून येते ते शोधावे. यासाठी सर्वांत खात्रीची वेळ म्हणजे एप्रिल-मे. पाऊस संपून सहा महिने झाल्यावरही रोप टवटवीत असेल आणि एकामागून एक नवी पाने टाकत असेल, तर ते पावसाच्या पाण्यावर जगत नाही. जवळच कुठेतरी सांडपाण्याचा, पिण्याच्या पाण्याचा किंवा एसीच्या पाण्याचा पाइप गळतो आहे असे समजावे. वैशाखात ते मलूल दिसत असेल, पाने लहान आणि थोडी असतील, तर बहुधा फक्त पावसाचे पाणी मुरते आहे आणि दोष गच्चीच्या उतारात, कठड्याच्या वरच्या भेगेत किंवा गिलाव्यात आहे.

आजूबाजूच्या लहान वनस्पतीही बरेच सांगतात. भिंतीवर नेचे (फर्न) असतील तर त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. नेच्याच्या जीवनक्रमात एक अवस्था अशी असते की त्याच्या नरपेशींना पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जावे लागते. म्हणजे जिथे नेच्यांची नवी नवी रोपे दिसतात तिथे भिंतीचा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा आणि दीर्घकाळ ओला राहतो. आमच्या भिंतीवर पिंपळाच्या खाली काही अंतरावर नेच्यांचा एक पट्टा होता, आणि पुढे गळती नेमकी त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी सापडली. सहा वर्षे तो पट्टा आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

यानंतरचा उपाय रोपाच्या वयावर ठरतो.

पहिल्या पावसाळ्यातील रोप, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक खोड आणि आठ-दहा पाने, हे मुळासकट निघू शकते. भाद्रपद-आश्विनात भिंत अजून ओली असताना भेगेत पाणी घालून अर्धा तास थांबावे, रोप बुंध्याशी धरून सावकाश, भेगेच्या दिशेनेच ओढावे. झटका दिला तर मूळ तुटते आणि फुगीर भाग आत राहतो. गच्ची, कठडा, छज्जे आणि पाइपांचे सांधे यांवरून वर्षातून एकदा या दिवसांत फिरणे हा सर्व उपायांत स्वस्त उपाय आहे. अशी निघालेली रोपे कुंडीत जगतात. पिंपळ उपटणे ज्यांच्या मनाला पटत नाही, आणि ती भावना मला आदरणीय वाटते, त्यांनी ते रोप पुढच्या पावसाळ्यात इमारती, पाइप आणि कुंपणाच्या भिंती यांपासून दूर, मोकळ्या जमिनीत लावावे.

दोन-तीन वर्षे वयाचे, ओढून न निघणारे रोप असेल आणि हात सहज पोहोचत असेल, तर विषाशिवाय त्याला उपाशी ठेवून मारता येते. वर सांगितलेल्या तांबूस पालवीचा इथे उपयोग होतो. एकदा भिंतीलगत कापावे, आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी जाऊन जी पालवी आली असेल ती तांबूस असतानाच खुडावी. प्रत्येक वेळी रोप साठ्यातून खर्च करते आणि त्याला परतावा मिळत नाही. पावसाळ्यात फुटवे भराभर येतात, तेव्हा आठवड्याने पाहावे. एखादी खेप चुकली आणि पाने हिरवी झाली तर आधीच्या काही खेपा वाया जातात, म्हणून हे काम ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे. आमच्याकडे गच्चीलगतच्या एका रोपाला या पद्धतीने चौदा महिने लागले. शेवटचे दोन फुटवे सुताएवढे बारीक आले आणि नंतर आलेच नाहीत.

मोठे झालेले, उंचावर असलेले किंवा मुळे भिंतीत खोल गेलेले झाड असेल तर बुंधा कापून ताज्या छेदावर आंतरप्रवाही तणनाशक लावणे हा व्यवहार्य मार्ग उरतो. अशा तणनाशकांपैकी ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला. तेव्हा हे काम परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करून घ्यावे, मात्र ते कसे आणि कधी व्हावे हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. असे औषध रसवाहिन्यांतून साखरेबरोबर प्रवास करते. चैत्रात पालवी फुटताना साखर वर चाललेली असते, त्यामुळे तेव्हा लावलेले औषध मुळांपर्यंत फारसे पोहोचत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने पूर्ण वाढलेली असतात आणि साखर खाली मुळांकडे जात असते, म्हणून हाच काळ योग्य. छेद घेतल्यावर पिंपळाचा पांढरा चीक भराभर येतो आणि जखम बंद करतो. तो फडक्याने टिपून, काही मिनिटांच्या आत, सालीच्या लगतच्या कडेवर औषध ब्रशने लावावे लागते. मधल्या जुन्या लाकडावर लावून काही उपयोग नाही, कारण जिवंत वाहिन्या कडेला असतात. सकाळी कापून दुपारी औषध लावणाऱ्या माणसाने मेहनत केली तरी ती फुकट जाते, आणि आमच्या इमारतीत एका वर्षी नेमके तेच झाले होते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि हातमोजे घालावेत.

झाड मोठे असेल तर कापण्यापूर्वी महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे विचारणा करावी. नागरी भागातील झाडांना 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे संरक्षण आहे.

जे करू नये

भिंतीत मीठ भरणे, अ‍ॅसिड ओतणे किंवा मोरचूद घालणे हे तीन उपाय सर्रास सांगितले जातात आणि तिन्ही इमारतीला झाडापेक्षा जास्त अपाय करतात. मिठातील क्लोराइड काँक्रीटमधील सळईला गंज आणते, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. अ‍ॅसिड चुना आणि सिमेंट दोन्ही खाते. मोरचुदातील तांबे लोखंडाचे गंजणे वाढवते आणि ते रसवाहिन्यांतून मुळापर्यंत जात नसल्याने खालचे मूळ जिवंतच राहते. हिंगाविषयीही अनेक जण खात्रीने बोलतात. बुंध्याला भोक पाडून हिंग भरलेली दोन झाडे मी वर्षभर पाहिली आणि दोन्ही झाडांना भोकाच्या खालून नवे फुटवे आले.

मूळ जबरदस्तीने उपसून काढणे ही आणखी एक चूक. जाड मुळाने विटा किंवा दगड धरून ठेवलेले असतात आणि ते ओढले की बांधकामच सुटते. जुन्या वाड्यात आणि किल्ल्याच्या तटबंदीत तर हे मुळीच करू नये. हौसेने गडावर साफसफाईला जाणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे की, तटातील पिंपळाला हात लावण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाची परवानगी आणि जाणकाराचे मार्गदर्शन घ्यावे. एक मूळ उपटताना तीनशे वर्षे टिकलेला चिरा खाली आला तर तो पुन्हा तसा बसत नाही.

भेग बुजवणे

झाड मेल्यावर काम संपत नाही, आणि बहुतेक ठिकाणी इथेच ते अर्धवट सुटते. मेलेले मूळ हळूहळू कुजते आणि त्याच्या आकाराची पोकळ नळी भिंतीत राहते. तिच्यात पाणी आणि धूळ जाते, आणि तीन-चार वर्षांत तिथे नवे बी रुजते. लोक म्हणतात तोच पिंपळ परत आला. तो दुसरा असतो, पहिल्याने केलेल्या जागेत राहायला आलेला.

म्हणून आधी गळती दुरुस्त करावी आणि भिंत निदान काही आठवडे कोरडी होऊ द्यावी. पुन्हा फुटवा येत नाही याची खात्री झाली की गिलावा भेगेच्या दोन्ही बाजूंनी हातभर काढावा, निघेल तेवढे मेलेले मूळ तुकड्यातुकड्याने काढावे, दरजा खरवडून स्वच्छ कराव्यात आणि पोकळीत तळापासून वर ग्राउट, म्हणजे पोकळी भरण्याचे पातळ मिश्रण, भरावे. विटा-सिमेंटच्या भिंतीला न आकसणारे सिमेंट ग्राउट आणि वर पॉलिमर मॉर्टार चालते. चुन्यातील जुन्या बांधकामाला मात्र चुनाच वापरावा. चुन्याची भिंत ओलावा आत घेते आणि बाहेर सोडते, आणि तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला तर ओल आत कोंडली जाते, म्हणजे पिंपळाला हवी तशी जागा आपणच तयार करून देतो. तडा भिंतीच्या आरपार गेला असेल, किंवा मूळ तुळई अथवा खांबाजवळ असेल, तर गवंड्यावर न सोपवता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

आमच्या भिंतीचे काम मार्चमध्ये झाले. पाइपाचा सांधा बदलला, मुळाच्या जागी खालून वर तीन टप्प्यांत ग्राउट भरले आणि गिलावा केला. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांनंतर मी आश्विनात दुर्बीण घेऊन ती जागा पाहिली. नेचे वाळून गेले आहेत आणि भिंत कोरडी आहे. शेजारच्या छज्ज्यावर मात्र दोन पानांचे एक नवे रोप होते. ते ओले करून उपटले, मूळ बोटभर लांब निघाले, आणि सध्या ते रोप माझ्या गच्चीवर कुंडीत आहे.